टाचण्या पूर्वेला सरकताना

आमच्या ऑफिसात किस्से फार साठतात, आणि त्याला कारण आमचं कामच आहे. भूकंप मिनिटभरात उरकतो, आणि त्याची उस्तवार आम्ही पुढे महिनोन्‌महिने करत बसतो! तोवर सात-आठ माणसं एका खोलीत, एकाच पडद्याकडे बघत, एकमेकांच्या डब्यातलं खात असतात. भूकंपाबद्दल बोलून बोलून तोंडाला फेस आला की माणसं एकमेकांबद्दल बोलायला लागतात. मग काय, किस्सेच किस्से.

ऑफिस दिल्लीत आहे, केंद्र सरकारचं आहे, आणि देशात कुठेही जमीन हलली की तिची नोंद आमच्याकडे होते. याहून जास्त सांगत नाही. कारण ऑफिसचं नाव कळलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, आता पुढचा कधी?"

मध्यंतरी पहाडात मोठा भूकंप झाला, त्यानंतरच्या दिवसांतले हे किस्से. ज्या गावांनी माणसं गमावली त्यांच्याविषयी मी इथे काही लिहीत नाही.  पण त्याच दिवसांत आम्ही हसलोही, आणि खोटं कशाला सांगू, हसलो नसतो तर कामं झाली नसती.

*

देवधरसाहेब आमचे प्रमुख. मूळचे पुण्याचे, तीस वर्षं दिल्लीत काढलेली, तरी हिंदी बोलताना अजून मराठीच बोलतात.

त्यांच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर चादरीएवढा पहाडाचा नकाशा आहे. नियम असा, की ज्याने धक्क्याची जागा शोधून काढली, त्याने स्वतः उठून तिथे टाचणी टोचायची. पहिल्या दिवसाच्या धक्क्यांना लाल, पहिल्या आठवड्यातल्यांना पिवळी, पुढच्यांना हिरवी. हेच काम कॉम्प्युटर डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. तसं मी एकदा सुचवलं, तर साहेब म्हणाले, "कदमबाई, पडद्यावरचा ठिपका आपण बघतो आणि विसरतो. टोचलेली टाचणी बोटाला लक्षात राहते."

खरं सांगते, राहते! मोठ्या भूकंपात जमिनीखालची भेग म्हणजे आमचा फॉल्ट एका पट्ट्यात सरकतो. नंतरचे छोटे धक्के, ज्यांना आम्ही आफ्टरशॉक म्हणतो, ते आधी त्याच पट्ट्यात येतात. म्हणून पहिल्याच दिवशी लाल टाचण्यांची एक लांबुडकी रांग उभी राहिली. पण सरकलेल्या भागाने आपला ताण टाकून दिला, की तो दोन्ही टोकांना असलेल्या न सरकलेल्या खडकावर जाऊन बसतो. मग धक्के हळूहळू टोकांच्या बाहेर पसरायला लागतात. आमचं पश्चिमेचं टोक आठवड्यात गप्प झालं. पूर्वेचं मात्र रोज थोडं थोडं पुढे जात होतं.

तर, टाचण्या संपल्या.

साहेबांनी स्टोअरकडे मागणी पाठवली. स्टोअरने कागद परत केला, "मागील वर्षी एक डबी पुरली होती. वाढीव मागणीचे कारण नमूद करावे."

साहेबांनी लिहिलं, "मागील वर्षी भूकंप नव्हता."

कागद पुन्हा परत! "आणखी किती टाचण्या लागतील, याचा अंदाज द्यावा."

साहेबांनी लाल पेन काढलं आणि त्याखाली लिहिलं, "तो अंदाज देता आला असता, तर टाचण्या लागल्याच नसत्या."

डब्या संध्याकाळपर्यंत आल्या. बारा!

*

आमचे बिष्टजी कुमाऊंचे. ऑफिसातला सगळ्यात तयार हात. रेघेतली जरा कुठे थरथर दिसली की नुसत्या नजरेने सांगतील, हा धक्का कुठला आणि किती खोल. बोलणं मात्र मोजून-मापून. दिवसाला दहा वाक्यं बोलले तर आम्ही विचारतो, "बिष्टजी, तबियत ठीक है?"

ते टाचणी टोचताना डावा पंजा नकाशावर टेकवत. रोज, त्याच एका जागी. चौथ्या दिवशी ते चहाला गेल्यावर मी जाऊन बघितलं. पंजाखाली एक गाव होतं.

गाव त्यांचं. तिथे त्यांची ईजा राहते. कुमाऊंत आईला ईजा म्हणतात. ईजा एकटी, घर दगडी, छपरावर पाटीच्या दगडाचे जाडजूड थर, आणि मोठ्या भूकंपात मागच्या भिंतीला तडा गेलेला. टाचण्यांची रांग जिथे संपत होती, त्याच्या जरा पुढे पूर्वेला हे गाव. रांग तिथवर पोचेल की अलीकडेच थांबेल, हे जगात कुणालाही सांगता येत नव्हतं. बिष्टजींचं म्हणणं एवढंच, की ईजाने सध्या त्या घरात राहू नये. आणि ईजा ऐकत नव्हती.

दुपारी डबे उघडले की ते फोन लावायचे आणि स्पीकरवर टाकायचे.

"ईजा, बाहर सो जा."

"क्यों? कल भूकंप आएगा?"

"पता नहीं."

"परसों?"

"ईजा, यह कोई नहीं बता सकता."

"वही तो! रेडियो पर भी तूने यही कहा था, पूरे गाँव ने सुना. अब मैं बाहर सोऊँ, तो लोग कहेंगे, इसकी माँ को ही भरोसा नहीं!"

आम्ही सगळे मान खाली घालून पोळी तोडत होतो. भूकंपाचं भाकीत करता येत नाही, हे वाक्य आम्ही दिवसातून पन्नास वेळा फोनवर बोलतो. दुसरा कुणी असता तर "हो, परवा येणार आहे" असं दडपून सांगून मोकळा झाला असता. बिष्टजींच्या तोंडून ते निघेना.

शेवटी साहेबांनी मला खूण केली. मी फोन घेतला. म्हटलं, "ईजा, मैं भी भूकंपवाले इलाके की हूँ. कोयना की तरफ़ की. हमारे यहाँ बचपन से झटके आते थे."

"अच्छा? तो तुम लोग घर छोड़कर बाहर सोते थे, बेटी?"

आता आली का पंचाईत! आमच्याकडे फळीवरची भांडी वाजली की आई ती पुन्हा नीट लावायची, "झालं" म्हणायची आणि भाकरी थापायला बसायची. बाहेर कोण झोपतंय?

"नहीं ईजा," मी म्हटलं, "अंदर ही सोते थे."

"जीती रह!" म्हणून ईजाने फोन ठेवला.

 साहेबांनी कपाळाला हात लावला. "कदमबाई, तुम्हाला मदत करायला सांगितलं होतं, साक्ष द्यायला नाही!"

*

आमच्या सोसायटीतला किस्सा सांगायलाच हवा. आम्ही गाझियाबादला राहतो, अकराव्या मजल्यावर. मोठा भूकंप दिल्लीतही जाणवला होता, आणि तेव्हापासून सगळ्या सोसायटीचा माझ्यावर डोळा.

रविवारी सकाळी मी सुटकेस घेऊन खाली उतरले. तिची चेन बिघडली होती, मार्केटमध्ये दाखवायची होती, बस्स. लिफ्ट बंद म्हणून जिन्याने उतरले, आणि जिन्याने उतरले म्हणून जरा घाईत दिसले असेन. गेटवरच्या गार्डने बघितलं.

अर्ध्या तासाने परत येते तो काय! तिन्ही टॉवर लॉनवर! कुणाच्या हातात फायली, कुणाच्या हातात शिट्टी न झालेला कुकर, दोन आजीबाई खुर्चीसकट आणलेल्या. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला होता, "कदम मैडम निकल गईं. सूटकेस के साथ."

सेक्रेटरी गुप्ताजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मैडम, हमसे क्या छुपा रही हैं?"

मी त्यांना चेन उघडून दाखवली, लावून दाखवली, पुन्हा उघडून दाखवली.

"चेन तो बिल्कुल ठीक है जी," ते आणखी हळू आवाजात म्हणाले, "बस इतना बता दीजिए, आप ऊपर जा रही हैं या नहीं?"

मी जिना चढायला लागले. माझ्यामागे तिन्ही टॉवर निघाले!

तेव्हापासून मी साधी कचऱ्याची पिशवी घेऊन निघाले तरी गेटवर आधी ओरडून सांगते, "कचरा है भैया, कचरा!"

*

ऑफिसच्या फोनवरचे नमुने तर किती सांगू. राजेंद्रनगरला राहून यूपीएससी करणारा एक मुलगा, बोलण्यावरून नांदेडकडचा वाटला, रोज फोन करायचा. "मॅडम, आफ्टरशॉक कधी थांबणार?"

मी म्हटलं, "अरे बाबा, ते सांगता येत नाही."

"बरं, मग ऑप्शन द्या."

*

तसं पाहिलं तर धक्के कमी होण्याला एक हिशेब आहे. नेमका कुठला कधी येईल ते कळत नाही, पण एकूण संख्या कशी घटते ते बरंचसं ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी जितके, दहाव्या दिवशी साधारण त्याचा दहावा हिस्सा. देवधरसाहेबांची रजा मंजूर करण्याची पद्धत याच हिशेबावर चालते! तुम्ही अर्ज दिला की ते आलेख काढतात, त्या तारखेला दिवसाला किती धक्के येतील ते बघतात, आणि मग सही करतात.

माझ्या भाचीचं लग्न नाशिकला. साहेबांनी वक्ररेषेवर बोट ठेवून सांगितलं, "त्या आठवड्यात अगदी तुरळक. जा खुशाल." मी पैठणी इस्त्रीला दिली.

तिकडे पूर्वेच्या टोकाला कुणी आलेख वाचलेला नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी तिथे एक चांगला दणकट धक्का बसला, आणि आफ्टरशॉकचेही आफ्टरशॉक असतात. संख्या पुन्हा भसकन वर! रजा रद्द.

लग्नाच्या दिवशी मी शिफ्टवर. बहिणीने व्हिडिओ कॉल लावून फोन मांडवात भटजींच्या माइकशेजारी उभ्या असलेल्या एका काकांच्या हातात दिला. इकडे मी पैठणी नेसूनच आलेले, बिष्टजींच्या हातात अक्षता, साहेबांच्या हातात अक्षता, कीबोर्डवर प्लॅस्टिक अंथरलेलं. तिकडे भटजींनी सूर लावला, "शुभमंगल सावधाऽऽन!"

आणि इकडे आमचा अलार्म वाजला.

तिघांनी अक्षता टाकल्या त्या कुठे पडल्या देव जाणे. मी पडद्याकडे वळले, साहेब दुसऱ्या कॉम्प्युटरकडे धावले, बिष्टजी नकाशाकडे. आमचा अलार्म तिकडे मांडवातल्या स्पीकरवरून चारशे माणसांना ऐकू गेला. मंगलाष्टकं थांबली. 

नवऱ्या मुलाने मुंडावळ्या बाजूला केल्या, फोनमध्ये तोंड घातलं आणि आयुष्यात माझ्याशी पहिलं वाक्य बोलला, "मावशी, कितीचा?"

*

मग ती अफवा आली. प्रत्येक भूकंपानंतर येतेच. "आज संध्याकाळी सात वाजता महाभूकंप! परदेशी शास्त्रज्ञांनी सांगितलंय, सरकार लपवतंय. दहा जणांना पाठवा."

दुपारी बिष्टजींनी फोन लावला तर ईजा शेतात! सगळं गाव अंथरुणं घेऊन शेतात जाऊन बसलं होतं आणि ईजाही त्यांच्यात. बिष्टजींचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. माझ्या डब्यातल्या दोन पोळ्या खाल्ल्या, वर ठेचा मागितला. पहाडी माणूस ठेचा मागतो म्हणजे बघा!

तासाभरात वरून आदेश आला, अफवेचं खंडन ताबडतोब काढा, रेडिओवर द्या. ड्यूटीवर कोण? बिष्टजी. मसुदा कोण लिहिणार? बिष्टजी. रेडिओवर नाव कुणाचं सांगणार? बिष्टजींचंच.

ते मसुदा टाइप करून कीबोर्डवर हात ठेवून नुसते बसून राहिले.  इतके दिवस मुलाने सांगून जे झालं नाही, ते एका फालतू मेसेजने करून दाखवलं होतं. आणि आता तो मेसेज खोटा आहे हे त्याच मुलाने आईला सांगायचं होतं.

साहेब आले. मसुदा वाचला. मग एकदम खिसे चाचपायला लागले. "बिष्ट, मेरा चश्मा नहीं मिल रहा. साइन कैसे करूँ? खंडन कल सुबह निकालते हैं."

"सर," बिष्टजी म्हणाले, "नाक पर है."

साहेबांनी नाकाला हात लावला. 

मग बिष्टजी बोलले, आणि त्यांच्या मानाने ते भाषणच होतं. "सर, उधर बारिश हो रही है. छोटे बच्चे हैं, बूढ़े हैं, सब भीग रहे हैं. सात बजे कुछ नहीं होगा, तो कल कोई दूसरा टाइम आ जाएगा. यह झूठ है, सर. निकाल दीजिए."

साहेबांनी सही केली. मला तेव्हा बिष्टजींचा राग आला होता, अजूनही थोडा येतो. आणि त्यांच्याबद्दल जितका आदर त्या दिवशी वाटला तितका कधी वाटला नाही. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

खंडनाच्या शेवटी त्यांनी एक ओळ स्वतः घातली होती, "परंतु जिन घरों में दरार है, उनमें न रहें."

सव्वासातला ईजाचा फोन. "सुन लिया रेडियो पर. तेरा नाम भी लिया. सब झूठ था, मैं अंदर आ गई."

"ईजा, आख़िरी लाइन भी तो थी!"

"तब तक तो मैं बिस्तर उठा चुकी थी."

*

रांग पूर्वेला सरकत राहिली, तेव्हा साहेबांनी त्या टोकाभोवती चार तात्पुरती केंद्रं बसवायचं ठरवलं. यंत्र जवळ असलं की बारके धक्केही सापडतात आणि खोली नीट कळते. बिष्टजींनी न विचारता हात वर केला, आणि चारपैकी एका केंद्रासाठी जागा सुचवली. त्यांच्या घराचं अंगण.

फॉर्मवर जागा निवडण्याचं कारण लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं, "पक्की चट्टान. चोरी का डर नहीं. शांत जगह."

"शांत?" साहेबांनी विचारलं.

"घर में एक ही आदमी है, सर."

साहेबांनी सही केली.

यंत्रांना ऊबदार ठेवावं लागतं, नाहीतर रेघ भरकटते. म्हणून पानिपतहून लोकरी कांबळी मागवली होती, ती घेऊन बिष्टजी गेले. अंगणात खड्डा केला, यंत्र बसवलं, वर सॅटेलाइटची थाळी लावली, शेजारी स्वतःचा तंबू ठोकला आणि ईजाला सांगितलं, "ड्यूटी है. अंदर नहीं आ सकता."

ईजाने बघितलं, यंत्राला दोन कांबळी आणि मुलाला एक! तिने त्याच दिवशी सरकारचा उद्धार केला, असं बिष्टजींनी फोनवर सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पडद्यावर त्या केंद्राची रेघ यायला लागली, आणि आमच्या डोक्याला ताप झाला. असं यंत्र इतकं हळवं असतं, की जवळून माणूस चाललं तरी रेघ उडते. इथे तर दिवसभर उडत होती! दोन पावलं, एक ठोका, दोन पावलं, एक ठोका. ठोका काठीचा. आधी बारीक, मग मोठा, मग थांबायचं. थोड्या वेळाने पुन्हा, मोठा होता होता बारीक.

प्रत्येक केंद्राची रोजची लॉगशीट असते. तिच्यात एक रकाना आहे, "शोर का स्रोत". लोक लिहितात, सडक, पंप, पेड़, गाय. बिष्टजींच्या शीटचा फोटो आला. "शोर का स्रोत : ईजा."

दुसऱ्या दिवशी, "ईजा (चाय)". तिसऱ्या दिवशी, "ईजा (चाय, रोटी, रजाई, फिर चाय)".

साहेबांनी लाल शेरा मारला, "शोर कम करें." आणि आम्हाला सांगितलं, पडद्यावर फिल्टर लावा. फिल्टर लावला की पावलांसारखे बारीक झटके दिसेनासे होतात. मूळ नोंद तशीच राहते, फक्त आपल्याला दिसत नाही. फिल्टर लावला, रेघ गुळगुळीत झाली, काम सुरू झालं.

तरी मला राहवेना. मी फोन केला. "बिष्टजी, ऑफिसात तर तुम्ही एका चहाच्या वर पीत नाही. तिथे काय चाललंय?"

"मैडम," ते म्हणाले, "चाय अंदर बनती है. मैं अंदर जाता नहीं. तो उसको लेकर बाहर आना पड़ता है. फिर ख़ाली गिलास के लिए बैठती है. एक चाय के पंद्रह मिनट. दिन में आठ चाय. दो घंटे हो जाते हैं."

 दिवसाचे चोवीस तास, त्यातले दोन तास या माणसाने चहा पिऊन पिऊन ईजाला त्या घराबाहेर काढलं होतं.

"रात को?" मी विचारलं.

"रात को नहीं मानती."

पुढच्या मंगळवारी सकाळी पावणेअकराला अलार्म वाजला. सगळ्या पडद्यांवरच्या रेघा एकदम काळ्या झाल्या. दिल्लीत आमच्या छताचे पंखेसुद्धा हलले. मुख्य भूकंपानंतरचा तो सगळ्यात मोठा धक्का होता. मी जागा काढली, आकडे पुन्हा तपासले, पुन्हा काढले. जागा बदलेना. तो बिष्टजींच्या गावाखाली होता.

साहेबांनी स्वतः फोन लावला. "पहुँच से बाहर." पुन्हा लावला. तेच. तालुक्याला लावला, पोलीस चौकीला लावला, दुसऱ्या तीन केंद्रांवरच्या आमच्या माणसांना लावला. कुठेच काही लागेना.

अंगणातलं यंत्र मात्र चालू होतं. सॅटेलाइटवरून त्याची रेघ येत होती. आम्ही सगळे एका पडद्याभोवती उभे. मोठा धक्का हळूहळू विरत गेला. मग छोटे धक्के, एकामागून एक. मग त्यांच्या मधे गुळगुळीत, सरळ रेघ. इतकी सरळ, की मला ती बघवेना.

साहेब म्हणाले, "फिल्टर काढा."

मला आधी कळलंच नाही.

"कदमबाई, फिल्टर काढा!"

मी काढला. रेघ खरखरीत झाली. आधी जड, भराभर टाकलेली पावलं दिसली, आमच्या बिष्टजींची, धावणारी. मग ती बंद झाली. मग काहीच नाही. मिनिट गेलं. एक धक्का येऊन गेला. आणखी एक मिनिट. कुणीतरी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

मग पडद्याच्या उजव्या कडेला, अगदी बारीक, रेघ उडाली.

दोन पावलं. एक ठोका.

दोन पावलं. एक ठोका.

त्या ठोक्यांच्या शेजारी आता ती जड पावलंही होती, सावकाश टाकलेली. साहेब पडद्याजवळ वाकून बघत होते. बराच वेळ बघत होते. मग सरळ झाले, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला.

"कदमबाई," ते म्हणाले, "लॉगशीट घ्या. शोराचा स्रोत लिहा."